सुधारक द्राक्षें

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पुण्यांतील आमच्या एका स्नेह्यांनीं सेवानिवृत्तीनिमित्त चारपांच कुटुंबांना जेवावयास बोलाविलें होतें. गृहस्थ मोठे रसिक; गाण्याची बैठक असो कीं हापुसाची पेटी असो, अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती हें ओळखण्याविषयीं त्यांची ख्याति आहे. जेवणापूर्वीं त्यांनीं तांबड्या वाइनची एक बाटली मोठ्या कौतुकानें पुढें आणली आणि "कॅबर्ने सोव्हिन्यों आहे" असें, घराण्याचें नांव सांगावें तशा स्वरांत, सांगितलें. मींही माझ्याबरोबर फ्रान्समधून आणलेली एक बाटली त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं चष्मा वर करून तिच्यावरील नांव वाचलें, पुन्हा वाचलें, आणि "हें कधीं ऐकलें नाहीं बुवा" असें म्हणून ती स्वयंपाकघरांत पाठवून दिली. पुढें सहज चौकशी करतां समजलें कीं ती एका रविवारीं मटणाच्या रश्शांत खर्ची पडली. रस्सा चांगला झाला होता, म्हणतात.

बाटली गेल्याचें मला दुःख नाहीं. दुःख याचें आहे कीं ज्या गृहस्थानें "मीं कधीं ऐकलें नाहीं" ही सबब गाण्याच्या बाबतींत जन्मांत पुढें केली नसती, उलट एकाद्या अप्रसिद्ध गवयाचें नांव निघतांच जो कान टवकारून बसला असता, त्यानेंच जिभेच्या बाबतींत प्रसिद्धि हीच गुणवत्ता असें धरून चालावें! हा दोष त्यांच्या एकट्याचा नाहीं. इंग्रजी शिकलेल्या आमच्या सबंध वर्गाचा तो आहे, आणि पन्नाशी उलटेपर्यंत माझाही होता. आपण परदेशी वस्तु घेतों तेव्हां तिच्यांतील उत्तम तेवढें निवडून घेतों असा आपला समज असतो. वस्तुतः तिच्यांतील जें सर्वांत अधिक खपलेलें तेंच आपण घेतों, आणि त्यालाच उत्तम म्हणूं लागतों.

एवढें वाचून कांहीं वाचकांच्या भुंवया चढल्या असतील. मद्याविषयीं लिहावयाला या गृहस्थाला दुसरें मासिक सांपडलें नाहीं काय, असें त्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यांस माझें एवढेंच सांगणें कीं जो पीत नाहीं त्यानें हा लेख वाचून पिऊं लागावें अशी माझी मुळींच इच्छा नाहीं. मी स्वतः दोन पेल्यांपलीकडे कधीं गेलों नाहीं, आणि तेही वर्षांतून मोजके दिवस. परंतु द्राक्ष हें आमच्या नाशिक-सांगली-सोलापूरकडील हजारों कुटुंबांचें पीक आहे, त्यापासून वाइन होते, आणि ती आतां सुशिक्षितांच्या घरांत शिरली आहे. ही गोष्ट डोळे मिटल्यानें नाहींशी होत नाहीं. २०२२ च्या जानेवारींत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हां केवढें वादळ उठलें तें वाचकांना आठवत असेल. एक पक्ष म्हणे वाइन ही दारू नव्हेच, तें शेतकऱ्याचें हित; दुसरा म्हणे ती दारूच, तो कुटुंबाचा नाश. महिनाभर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण वाइन कोणत्या द्राक्षाची, तें द्राक्ष आमच्या मातींत कां लावलें, दुसरें कां लावलें नाहीं, हा प्रश्न दोहोंपैकीं एकाही पक्षानें विचारल्याचें माझ्या वाचनांत आलें नाहीं. भाकरीवर वाद घालावा आणि ती ज्वारीची कीं बाजरीची याची दादही नसावी, तसेंच हें झालें.

तेव्हां मूळ मुद्द्याकडे वळतों. तुलूझ शहराच्या ईशान्येस सुमारें पन्नास किलोमीटरांवर तार्न नदीच्या कांठीं गायाक नांवाचें गांव आहे. माझा भाचा तुलूझला विमानांच्या कारखान्यांत अभियंता असल्यामुळें तिकडे जाण्याचा योग आला. शेजारच्या आल्बी गांवचें लाल विटांचें प्रचंड कॅथीड्रल पाहावयाचें म्हणून निघालों, आणि वाटेंतच द्राक्षांत अडकलों. हा प्रदेश वाइनच्या बाबतींत फ्रान्समधील अत्यंत जुन्या प्रदेशांपैकीं एक आहे. रोमन अमदानींत जवळच्या माँतान्स येथें वाइन भरण्याचे मातीचे रांजण होत असत. पुढें दहाव्या शतकांत सेंट मिशेलचा मठ स्थापन झाला, आणि त्यांतील बेनेडिक्टीन साधूंनीं द्राक्षबागांस शिस्त लावली. इतकी परंपरा असून गायाकचें नांव आमच्याकडील वाइनप्रेमी म्हणविणाऱ्यांस ठाऊक नसावें, आणि बोर्दोचें मात्र शाळकरी मुलासही माहीत असावें, याचें कारण काय? बोर्दोची वाइन अधिक चांगली म्हणून, असें उत्तर तत्काळ मिळेल. पण तें उत्तर अर्धसत्य आहे.

नकाशा पुढें घेऊन पाहावें. तार्न नदी गरोन नदीस मिळते आणि गरोन बोर्दोवरून समुद्राकडे जाते. वरच्या मुलखांतील वाइन इंग्लंड-हॉलंडकडे जावयाची ती बोर्दोच्या बंदरांतूनच. आणि बोर्दोच्या व्यापाऱ्यांना तेराव्या शतकापासून असा राजदत्त हक्क होता कीं आपली नवी वाइन विकली जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नाताळापर्यंत, वरच्या मुलखांतील पिंपें बंदरांत उतरूंच द्यावयाचीं नाहींत. तोंवर परदेशी जहाजें बोर्दोची नवी वाइन भरून निघून गेलेलीं असत. मागाहून आलेला माल पडेल त्या भावानें विकला जाई. हा हक्क तुर्गो या मंत्र्यानें १७७६ सालीं मोडून काढला. म्हणजे पांचशें वर्षें तो चालला. पांचशें वर्षें ज्याची वाट अडविली त्याला "तुझें नांव कोणी ऐकलें नाहीं" असें सांगणें हें, फार सौम्य शब्दांत बोलावयाचें तर, अन्यायाचें आहे. कॅबर्नेच्या कीर्तींत तिच्या गुणाचा वांटा नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण त्या कीर्तींत जकातनाक्याचा वांटा केवढा आहे, हें तिची बाटली मिरवणाऱ्यास ठाऊक असावें एवढीच माझी अपेक्षा आहे.

पुढील कथा अधिक उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें फ्रान्समधील द्राक्षवेलींचीं मुळें खाऊन टाकलीं. उपाय निघाला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचें कलम बांधण्याचा. आमच्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात तें त्याच विद्येचें फळ आहे. पण सबंध देशाच्या बागा नव्यानें लावावयाच्या म्हटल्यावर प्रत्येक शेतकऱ्यापुढें प्रश्न आला कीं आजोबांच्या वेळच्या दहा जातींपैकीं कोणत्या लावावयाच्या? ज्या अधिक फळतात त्या लागल्या, बाकीच्या राहिल्या. त्यावर १९५६ च्या फेब्रुवारींत नैर्ऋत्य फ्रान्समध्ये भयंकर हिंव पडलें आणि उरल्यासुरल्या जुन्या वेली जळाल्या. यानंतर आले तज्ज्ञ. त्यांनीं दक्षिणेकडील शेतकऱ्यांस सांगितलें कीं तुमचीं द्राक्षें गांवठी आहेत. कॅबर्ने, मर्लो, सिरा, गामे हीं लावा म्हणजे तुमची वाइन सुधारेल. या बाहेरून आणलेल्या जातींस सरकारी भाषेंत नांवच मुळीं "सुधारक वाण" असें पडलें!

सुधारक या शब्दाला मराठींत काय मोल आहे हें वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच या द्राक्षांना तें बिरुद लागलेलें पाहून मला हंसूं आलें आणि रागही आला. सुधारणा म्हणजे जें आहे त्याचे दोष काढून त्यास अधिक चांगलें करणें. जें आहे तें उपटून टाकून त्या जागीं शेजाऱ्याचें आणून लावणें, याला सुधारणा कोणत्या कोशांत म्हणतात? ही बदली आहे. आणि बदलीनंतर गायाकची वाइन जर बोर्दोच्या हलक्या वाइनसारखी लागूं लागली, तर गिऱ्हाइकानें खुद्द बोर्दोचीच कां घेऊं नये?

या बदलीला ज्यांनीं हरकत घेतली त्यांत रोबेर प्लाझोल हे गृहस्थ प्रमुख होत. गायाकजवळच्या काउझाक-सुर-व्हेर या खेड्यांत त्यांच्या घराण्याची लहानशी वाइनरी आहे. मुलगा आणि नातू यांनीं ती पुढें चालविली आहे. इतर लोक सुधारक वाण लावीत असतां या गृहस्थानें गायाकच्या जुन्या जातींचा शोध आरंभिला. माँपेलिएच्या कृषिविद्यालयानें १८७६ पासून जमविलेला आणि १९४९ सालीं समुद्रकांठच्या व्हासाल येथील वाळूंत हलविलेला द्राक्षांचा मोठा संग्रह फ्रान्समध्ये आहे. वाळूंत फिलॉक्सेरा जगत नाहीं, म्हणून ती जागा. सुमारें अडीच हजारांहून अधिक जाती तेथें सांभाळल्या आहेत. ग्रंथालयांतील जुन्या पोथ्यांसारख्या त्या तेथें उभ्या होत्या. वाचणारा हवा होता. प्लाझोल यांनीं गायाकच्या जाती पुन्हा गायाकच्या मातींत आणल्या, आणि मुख्य म्हणजे त्यांची खिचडी न करतां एकेका जातीची वाइन निराळ्या बाटलींत, त्या जातीचें नांव घालून, भरली.

या जातींपैकीं प्रुनलार नांवाच्या तांबड्या द्राक्षाची गोष्ट सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. माझ्या स्नेह्यांच्या रश्शांत गेलें तें हेंच. विसाव्या शतकाच्या अखेरीस तें जवळजवळ नामशेष झालें होतें. त्याच सुमारास द्राक्षांच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करून त्यांचे आईबाप शोधण्याची विद्या पुढें आली. १९९७ सालीं डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं सिद्ध केलें कीं ज्या कॅबर्ने सोव्हिन्योंच्या कुलीनतेचा एवढा डंका, ती तांबड्या कॅबर्ने फ्राँ आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या आपोआप झालेल्या संकराची संतति आहे. पुढें २००९ मध्यें फ्रेंच संशोधकांनीं मर्लोची आई शोधली. ती ब्रिटनीमधील सँ-स्युलियाक येथें एका ओसाड उतारावर १९९२ सालीं सांपडलेली, कोणाच्याही खिजगणतींत नसलेली वेल निघाली; तिच्या भगिनी शारांत प्रांतांत खेड्यांतील घरांच्या दारांपुढें वाढत होत्या. तिला आतां माग्देलेन न्वार दे शारांत असें लांबलचक नांव मिळालें आहे. हीच माउली माल्बेकचीही आई ठरली. आणि माल्बेकचा बाप? आमचा प्रुनलार! १८५३ पासून अर्जेंटिनांत गेलेला माल्बेक तेथें आज चाळीस हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर पसरला आहे, जगांतील प्रत्येक मोठ्या हॉटेलाच्या यादींत त्याचें नांव आहे. आणि त्याचा जन्मदाता घरच्या गांवीं उपटून टाकण्यांत येत होता, कां तर तो गांवठी!

भाच्याच्या घरीं एका संध्याकाळीं आम्हीं या वाइनरीच्या चार तांबड्या वाइन एकत्र मांडल्या. "मामा, हीं नांवें इथल्या लोकांनाही धड ठाऊक नाहींत, तुम्हांला चालतील ना?" असें तो आधींच विचारून मोकळा झाला होता. एकाच मालकाच्या, एकाच मुलखांतल्या, एकाच हाताच्या, आणि नव्या लांकडी पिंपाचा वास न दिलेल्या अशा त्या असल्यामुळें त्यांतील भेद हा मुख्यतः द्राक्षाचाच भेद, असें धरून चालण्यास हरकत नव्हती. तुलना करावयाची ती अशी करावी. नाहीं तर एक बाटली महाग म्हणून चांगली आणि दुसरी थंड म्हणून वाईट असा प्रकार होतो.

पहिली मोझाक न्वार. नांवावरून ती तिकडच्या प्रसिद्ध पांढऱ्या मोझाकची बहीण असावी असें वाटतें. पण दोहोंचा संबंध नाहीं. रंग पातळ, रातांब्याच्या सरबतासारखा. अंगानें हलकी, जिभेवर क्षणभर आंबूस नाचून जाणारी. गंभीर मंडळी हिला बाजूला सारतील. मला ती आवडली. पण तिच्याविषयीं एक पानभर लिहावें असें तिच्यांत कांहीं नाहीं.

दुसरी द्युरास. हिचा वास घेतांच भाचेसून म्हणाली, "मिरी!" आणि खरोखरच ताज्या कुटलेल्या काळ्या मिऱ्याचा तो वास होता. हा कल्पनेचा खेळ नव्हे. रोटंडोन नांवाचें एक द्रव्य काळ्या मिऱ्यांत असतें. सिराच्या मिऱ्यासारख्या वासाचें मूळ तेंच, हें ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. आणि तेंच द्रव्य द्युरासमध्येंही आहे असें पुढें तुलूझच्या संशोधकांना आढळलें. म्हणजे मिऱ्याचा वास पाहिजे म्हणून ज्यांनीं रोन नदीच्या कांठची सिरा आणून लावली, त्यांच्या स्वतःच्या परसांत मिऱ्याचा वास देणारें द्राक्ष पूर्वींपासून उभें होतें. द्युरास सिराहून अंगानें सडपातळ आहे. तिच्यांत तो घट्ट, सायीसारखा भरीवपणा नाहीं. ज्याला तो हवा त्यानें सिराच घ्यावी. पण मसालेदार जेवणाबरोबर, घरांत त्या रात्रीं वांग्याचें भरीत होतें, मला द्युरास अधिक बरी वाटली, कारण ती जेवणाच्या छातीवर बसत नाहीं.

तिसरी ब्रोकोल. हिलाच अन्यत्र फेर सर्वादू म्हणतात. मार्सियाकला मान्स्वा म्हणतात, मादिराँला पिनांक. आमच्याकडे पावटा, वाल, घेवडा यांच्या नांवांचा दर दोन तालुक्यांस घोळ असतो तसाच हा. फेर म्हणजे लोखंड; वेलीचें लांकूड इतकें कठीण कीं छाटणाऱ्याला लोखंड कापल्यासारखें वाटावें. वाइनही कांहींशी तशीच ताठर. काळ्या मनुकांचा आणि त्यामागून हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास; तुरटपणा स्पष्ट. कॅबर्नेच्या भक्तांना या वासाची ओळख आहे, आणि कॅबर्नेंत तो आला कीं ते त्याला खानदानी म्हणतात. ब्रोकोलमध्यें आला कीं रानटी! मला मात्र तिचा हा अडाणी सच्चेपणा मानवला. भाच्याला मुळींच मानवला नाहीं, त्यानें अर्धा पेला तसाच ठेवला, हेंही प्रामाणिकपणें नमूद करतों.

चौथा प्रुनलार. रंग पिकल्या जांभळाच्या डागासारखा. पेल्याच्या तळाचें दिसूं नये इतका दाट. पहिला अर्धा तास तो बोललाच नाहीं, नुसता तुरट. मग हळूहळू आलुबुखार, करवंद, किंचित् लवंग असें एकेक उलगडत गेलें. माल्बेक मीं पूर्वीं अनेकदां घेतली होती. ती पहिल्याच घोटाला गोड बोलते. प्रुनलार तिचा बाप आहे खरा, पण गांवीं राहिलेला बाप. पाहुण्याला आधीं ओटीवर थोडा वेळ बसवून ठेवील आणि मग आंत बोलावील. या चौघांपैकीं मी पुन्हा विकत घेईन ती एकच, आणि ती हीच.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं जुन्या जाती मागें पडल्या त्या त्यांच्या दोषांमुळेंच. यांत तथ्य आहे आणि तें मी नाकारीत नाहीं. कांहीं फार कमी फळत, कांहीं लवकर कुजत. कांहीं खरोखरीच सामान्य होत्या, त्यांचीं नांवें संग्रहांत राहिलीं एवढें पुरे. परंतु हा आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. कॅबर्नेचे आणि मर्लोचे दोष काढून टाकण्यासाठीं दोन शतकें उत्तमोत्तम माणसांनीं श्रम केले, उत्तम वेली निवडून त्यांचीं कलमें केलीं, कोणत्या मातींत कोणती रमते तें शोधलें. त्याच्या शतांश श्रम प्रुनलारावर कोणी केले होते? एकाला शिकवणी ठेवावयाची, दुसऱ्याला शाळेंतून काढावयाचें, आणि परीक्षेचा निकाल पुढें करून पहिला जात्या हुशार असें म्हणावयाचें, असा हा न्याय आहे. तीस वर्षें अध्यापन केलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो कीं सुधारित वाणांविरुद्ध बोलणें ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आय. आर. ८ सारखें भात १९६६ नंतर आलें म्हणून लोक उपाशी मेले नाहींत. तेव्हां आंबेमोहर आणि काळभात यांचे उमाळे काढीत बसलेल्यांचें ऐकलें असतें तर काय झालें असतें? या आक्षेपापुढें मी तांदुळाच्या बाबतींत नम्र होतों. भुकेपुढें वासाची प्रतिष्ठा सांगूं नये. पण वाइननें कोणाचें पोट भरतें? जी वस्तु मुळांतच गरजेची नाहीं, केवळ चवीसाठीं आहे, तिच्यांतून चवींची विविधता काढून घेतल्यावर उरतें काय? उरते ती झिंग. आणि मग मद्यविरोधी मंडळींचा पक्ष बिनतोड होतो. वाइन ही दारू नव्हे असें म्हणणाऱ्या मंडळींनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. तिला निराळें स्थान मागावयाचें तर तें तिच्या निराळेपणावरच मागतां येईल, आणि सर्व बाटल्यांना एकच चव असेल तर तो निराळेपणा दाखवावयाचा कोठून?

जगांत द्राक्षाच्या सुमारें दहा हजार जाती ज्ञात आहेत. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या जान्सिस रॉबिन्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांच्या बृहद्ग्रंथांत, ज्यांची वाइन बाजारांत मिळते अशा १,३६८ जातींचें वर्णन आहे. आणि आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनें २०१७ मध्यें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें जगांतील निम्मी द्राक्षजमीन अवघ्या ३३ जातींनीं व्यापलेली आहे. यापेक्षां अधिक टीका मला करावयाची नाहीं.

तिसरा आक्षेप बाजाराचा: गिऱ्हाईक नांव पाहून घेतें. घेतें खरें, पण त्या नांवांत त्याला काय कळतें हें चिली देशानें दाखवून दिलें आहे. तेथें वर्षानुवर्षें मर्लो म्हणून विकल्या जाणाऱ्या वाइनमधील पुष्कळसें द्राक्ष मर्लो नव्हतेंच. १९९४ सालीं बुर्सिको या फ्रेंच द्राक्षशास्त्रज्ञानें बागेंत जाऊन पानें पाहिलीं आणि सांगितलें कीं हें कार्मेनेर. बोर्दोनें फिलॉक्सेरानंतर टाकून दिलेलें जुनें द्राक्ष. तोंपर्यंत पिणारे, विकणारे आणि गुण देणारे सगळेच त्याला मर्लो म्हणून वाखाणीत होते. आणि तज्ज्ञांच्या जिभेची महति ज्यांना फार वाटते त्यांनीं २००१ मध्यें बोर्दोंत झालेला प्रयोग आठवावा: पांढऱ्या वाइनला बिनवासाचा तांबडा रंग देऊन ती चौपन्न परीक्षकांपुढें ठेवली, आणि त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांनीं केलें. डोळ्यांनीं चव घेणारे आम्हींच नव्हे तर.

बाजाराचा आक्षेप लहान माणसाच्या बाबतींत तर उलटाच लागतो. कॅबर्ने करावयाची झाली तर मोठा कारखाना ती नेहमींच स्वस्त करील. लहान वाइनरीपाशीं भांडवल नाहीं, जाहिरात नाहीं. दुसऱ्यापाशीं नाहीं तें देणें हा एकच तिचा आधार. २००८ नंतरच्या मंदींत नाशिककडील कित्येक लहान वाइनऱ्या अडचणींत आल्या आणि कित्येक शेतकऱ्यांनीं वाइनच्या द्राक्षांच्या वेली उपटून टाकल्या. कारणें अनेक होतीं, कर्जाचीं होतीं, अंदाज चुकल्याचीं होतीं. पण सर्वांपाशीं त्याच चार नांवांच्या बाटल्या होत्या, हें त्यांतलें एक कारण नव्हतें असें मला कोणी पटवून द्यावें.

आणि हें अशा प्रांतांत घडलें, जेथील शेतकऱ्याची नजर द्राक्षाच्या बाबतींत कोणापेक्षांही कमी नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला तेव्हां त्यानें लिहून ठेवलें कीं येथें द्राक्षें आणि डाळिंबें होतात आणि वर्षांतून दोनदां फळतात. आमच्या लहानपणीं भोकरी, फकडी हीं नांवें म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं होतीं. तीं आतां गेलीं. खाण्याच्या द्राक्षांत तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हीं नांवें आपल्याच बागाईतदारांनीं, बागेंतली एकादी निराळी फांदी हेरून, तिचीं कलमें करून मिळविलीं. एका थॉम्सनमधून इतकें काढणारा माणूस वाइनच्या द्राक्षापाशीं आला कीं एकदम आज्ञाधारक विद्यार्थी होतो आणि कॅबर्ने, शिराझ, शेनें, सोव्हिन्यों असा परवचा म्हणूं लागतो. अकलूजकडे सांजोव्हेसेचा आणि नाशिककडे टेम्प्रानियोचा प्रयोग झाला, ही आनंदाची गोष्ट. पण तीं इटलीचीं आणि स्पेनचीं राजमान्य द्राक्षेंच होत. एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळासाठीं छाटणी करावी लागणारा, फेब्रुवारी-मार्चमध्यें तोड होणारा हा आमचा मुलूख. बोर्दोच्या थंडीपावसाशीं त्याचें काय साम्य? येथें कोणती वेल रमेल हें बोर्दोची यादी पाहून ठरवावयाचें नसतें. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत जातींचा संग्रह आहे, तेथेंच रसासाठीं मांजरी मेडिका ही जात तयार झाली. पुण्याच्या आघारकर संस्थेनें रसासाठीं ए. आर. आय. ५१६ काढली. म्हणजे विद्या आहे. मागणी नाहीं, आणि मागणी करावयाची ती माझ्या स्नेह्यांसारख्या, ज्यांच्या हातीं बाटली आहे आणि पैसाही आहे अशा, लोकांनीं.

ज्यांना बोर्दोवांचून दुसरें प्रमाण चालत नाहीं त्यांच्यासाठीं बोर्दोचीच एक बातमी देतों. हवा तापत चालल्यामुळें मर्लो लवकर पिकूं लागली आहे. म्हणून २०२१ च्या आरंभीं तेथील नियमांत प्रयोगादाखल सहा नव्या जातींना जागा देण्यांत आली. त्यांत कास्ते नांवाचें एक तांबडें द्राक्ष आहे. तें नवें नाहीं. नैर्ऋत्य फ्रान्समधील, लोकांनीं जवळजवळ विसरून टाकलेलें, जुनें गांवठी द्राक्ष आहे. पांचशें वर्षें ज्यांनीं वरच्या मुलखाची वाट अडविली, त्यांनाच आतां विसरलेल्यांची आठवण झाली.

गेल्या मार्चमध्यें दिंडोरीकडे एका बागाईतदाराच्या ओट्यावर बसून मीं त्यांना ही सारी कथा सांगितली. त्यांच्या बागेंत सहा एकर कॅबर्ने आहे. प्रुनलारच लावा असें मीं म्हटलें नाहीं. पण एकादा एकर तरी, ज्यांचीं नांवें कोणी ऐकलीं नाहींत अशा उन्हाळी मुलखांतल्या चारपांच जातींना द्यावा, आणि पांच वर्षें वाट पाहावी असें सुचविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, चहा मागविला, आणि म्हणाले, "साहेब, एकर देतो. कलमं कुठं मिळतील तेवढं सांगा." मीं पुण्यास परत आल्यावर चार ठिकाणीं विचारलें. चारही ठिकाणीं कॅबर्ने मिळत होती.